‘दळता तो’ : पेट्या भरताना ऐकलेला पिंक मून

“संपलं काय गो?” आत्याने विचारलं आणि मी स्पीकरकडे बघितलं तर खरंच संपलं होतं. २८ मिनिटं, अख्खा अल्बम. आत्याला वाटलं बॅटरी गेली.

चैत्रातली पौर्णिमा होती. रत्नागिरीत पावस रोडला आमची आंब्याची बाग आहे, तिथल्या पडवीत आम्ही सात-आठ जण पेट्या भरत बसलेलो, सकाळी सहाच्या आत टेम्पो वाशीला सुटायचा होता. ज्यांनी हे काम केलंय त्यांना ती रात्र सांगायला नको, दिवसभर झेल्याने, म्हणजे जाळी बांधलेल्या काठीने, उतरवलेला माल समोर ढिगात, एकजण ग्रेडिंग करून चार डझनी पाच डझनी वेगळं लावतोय, दुसरा पेंढा पसरतोय, तिसरा देठाची बाजू बघून एकेक फळ बसवतोय, आणि सगळ्यांच्या तोंडाने काही ना काही चालूच. एरवी कोणीतरी मोबाईलवर जुनी मराठी गाणी लावतं नाहीतर भजनाची डबल बारी, म्हणजे दोन बुवांचा सामना. त्या रात्री स्पीकर माझ्या फोनला जोडलेला होता आणि मी कोणालाच न विचारता निक ड्रेकचा पिंक मून लावला.

मी हा अल्बम गेली सहा वर्षं ऐकतेय, नेहमी एकटी, नेहमी हेडफोनवर. दुसऱ्या कोणासमोर मोठ्याने लावायची ही पहिलीच वेळ. आणि त्या रात्री नि पुढच्या दोन-तीन दिवसांत घरच्यांनी त्याच्यावर जी मतं दिली ती मला लिहूनच ठेवायचीत, कारण या अल्बमबद्दल मी आजवर जेवढं वाचलं त्यातल्या बऱ्याचशा गोष्टी मला त्या पडवीत बसून चुकीच्या वाटायला लागल्या.

ज्यांनी ऐकला नसेल त्यांच्यासाठी थोडं. निक ड्रेक हा इंग्लंडचा, स्वतः लिहून स्वतः गाणारा. त्याचे हयातीत तीनच अल्बम आले, १९६९, १९७१ आणि १९७२. पहिल्या दोनांत व्हायोलिनं-चेलो वगैरे बराच साज आहे, दुसऱ्यात तर ड्रम आणि सॅक्सोफोनसुद्धा. तिसरा हा पिंक मून. ऑक्टोबर १९७१ मध्ये लंडनला साउंड टेक्निक्स नावाच्या स्टुडिओत फक्त दोन रात्रींत रेकॉर्ड झाला, तेही अकरा वाजल्यानंतर, दिवसाची गिऱ्हाइकं गेल्यावर. स्टुडिओत दोनच माणसं, निक आणि जॉन वुड हा साउंड इंजिनिअर. अकरा गाणी, एक गिटार, एक आवाज, आणि पहिल्या गाण्यात मध्येच पियानोचे थोडेसे सूर, तेही त्यानेच वाजवलेले. बाकी काहीच नाही. जॉन वुडला वाटत होतं की याच्यावर नंतर काही चढवायचं असेल, त्याने विचारलं, तर निक म्हणाला नाही, एवढंच. फेब्रुवारी १९७२ ला बाजारात आला आणि तेव्हा त्याच्या ५००० प्रतीसुद्धा खपल्या नाहीत.

आता मतं.

पहिलं मत दादाचं, म्हणजे माझा चुलतभाऊ, डोंबिवलीला असतो, आयटीत आहे, स्वतः बरी गिटार वाजवतो, दरवर्षी एप्रिलमध्ये आठ दिवस रजा टाकून येतो आणि खरंच राबतो, त्यामुळे त्याचं मत मी ऐकून घेते. तो म्हणाला, “चांगलंय पण डेमो वाटतो गं. कच्चं वाटतं. बेस नाही, ड्रम नाही, हा नुसता ढाचा आहे, घर बांधायचं राहिलंय.” निकचं नाव त्याला माहीत होतं ते जाहिरातीमुळे. १९९९ च्या शेवटी अमेरिकेत फोक्सवॅगनची एक जाहिरात आली होती, चार तरुण रात्री उघड्या गाडीतून चाललेत, वर चांदणं, पार्टीच्या घरापर्यंत पोचतात, आतला गोंधळ बघतात आणि गाडी मागे घेऊन परत रस्त्याला लागतात, आणि पूर्ण वेळ मागे पिंक मूनचं पहिलं गाणं. त्या एका जाहिरातीनंतर, म्हणजे माणूस जाऊन पंचवीस वर्षं झाल्यावर, तो अल्बम हजारोंनी खपायला लागला. दादाने कॉलेजात असताना ती यूट्यूबवर बघितलेली. त्याला ते गाणं आवडतं पण बाकीचे दहा म्हणजे त्याच्या मते खोलीत बसून केलेला रियाज.

मी वाद घालणार होते, पण माझ्याआधी मामा बोलला.

मामा कुडाळचा. भजनात पखवाज वाजवतो, चाळीसेक वर्षं झाली असतील, बारीला उभा राहिला की समोरचा बुवा जरा जपूनच सूर लावतो असं लोक सांगतात. गुडघ्याच्या औषधासाठी रत्नागिरीत आलेला तो आमच्याकडेच उतरला होता आणि खुर्चीवर बसून पेट्यांना लेबलं लावत होता. इंग्लिश त्याला कामापुरतं. पहिली दोन गाणी तो गप्प होता. तिसरं सुरू झालं, ‘रोड’, आणि त्याने लेबलं खाली ठेवली.

“ह्यो एकटोच वाजयता?”

म्हटलं हो, एकटाच.

“माका दोघे वाटले.”

मग त्याने मला स्पीकर जवळ आणायला लावला आणि तेच गाणं परत. आणि मग जे सांगितलं ते मी सहा वर्षांत ऐकलंच नव्हतं. म्हणाला आंगठा वेगळा ऐक. निकचा उजव्या हाताचा अंगठा खालच्या तारांवर एक ठेका धरून असतो, तो कधी हलत नाही, कधी घाई करत नाही, आणि बाकीची बोटं वरच्या तारांवर त्या ठेक्याच्या मागेपुढे खेळतात, आणि गळा तिसरीकडेच, बरेचदा शब्द समेच्या जरा नंतर येतो, जसा मुरलेला बुवा अभंगाची ओळ उशिरा उचलतो आणि तुम्हाला वाटतं आता चुकला, पण तो बरोबर समेवर येऊन बसतो. “आंगठो ठेको धरून ऱ्हवता नि बोटां गातत,” मामा म्हणाला. मग दादाकडे वळून, “तू म्हणतस ड्रम होयो. खंय बसवतलंस? त्येना जागाच ठेवूक नाय.”

दादा यावर काही बोलला नाही, पण त्याने नंतर रात्रभर गाणी नीट ऐकली हे मी बघितलं. दुसऱ्या दिवशी गिटार घेऊन तो ‘रोड’ वाजवायला बसला आणि दीड तासाने येऊन म्हणाला की आधी तारा लावण्यातच जीव गेला. कारण निक गिटार नेहमीसारखी लावतच नाही. बरीचशी गाणी वेगवेगळ्या ट्यूनिंगमध्ये आहेत, खालची जाड तार सैल करून कधी खूप खाली नेलेली, मग मोकळ्या तारांचा सूर आपोआप गुंजत राहतो, तंबोरा मागे असल्यासारखा. मला हे आधी वाचून माहीत होतं, पण वाचून माहीत असणं आणि मामाने अंगठा दाखवल्यावर ऐकणं यात फारच फरक पडला. अल्बम शांत आहे म्हणून लोक त्याला साधा समजतात. तो साधा अजिबात नाहीये, त्या २८ मिनिटांत एका माणसाचे दोन हात तीन जणांचं काम करतायत, फक्त आवाज न चढवता.

(मामाचं एक मत मात्र मला पटलं नाही, त्याला मधलं ‘हॉर्न’ हे दीडेक मिनिटाचं नुसतं गिटारवरचं गाणं उगाच वाटलं. मला ते लागतं तिथे. ‘थिंग्ज बिहाइंड द सन’ हे सगळ्यात लांबलेलं, शब्दांनी भरलेलं गाणं त्याच्या पाठोपाठ येतं, त्याच्याआधी एवढा श्वास हवाच.)

आता आई.

आई अल्बम चालू असताना काहीच बोलली नव्हती. ती फळं बसवत होती. तिचा हात असा आहे की पेटी हलवली तरी आतला आंबा हलत नाही. दादाची बायको, वहिनी, ती म्हणाली की किती उदास आहे ना हे सगळं, एकटा बसून रडतोय असं वाटतं. तिने ते चांगल्या अर्थानेच म्हटलं, तिला आवडलेलं, ती म्हणाली की संध्याकाळच्या गाडीत डब्यात उभी असताना हे कानात पाहिजे होतं.

तर आई मान वर न करता म्हणाली, “रडता खंय तो? दळता तो.”

आम्ही सगळे थांबलो. आई मामाबरोबर मालवणीत बोलते, आमच्याशी सहसा नाही, पण मामा आला की दोन दिवसांत तिची सगळी भाषा कुडाळला जाते.

मी विचारलं दळतो म्हणजे? तर तिने सांगितलं, तिची आई पहाटे चारला जात्यावर बसायची, तांदूळ नाचणी जे असेल ते, आणि अंथरुणातून तिला ऐकू यायचं ते असंच. जात्याची घरघर एका लयीत आणि तिच्यावर आवाज, अर्धवट, स्वतःशीच. “दळतना अशीच गाणी म्हणतत. कोणाक ऐकवूक नाय.” आजीच्या ओव्यांत दुःख असायचं का, असायचंच, माहेरचं असायचं, गेलेल्या भावाचं असायचं, पण आजी तेव्हा रडत नसायची, ती दळत असायची, सूप रिकामं झालं की उठायची आणि चूल पेटवायची. आईच्या मते हा मुलगाही तेच करतोय. हात चालू आहेत, हाताबरोबर गळा चालू आहे, जे मनात आहे ते पिठात पडतंय.

मला इथे लिहिताना पण ते आठवून भरून येतंय. जात्यावर बसलं की ओवी सुचते असं आपण सहज म्हणून जातो, पण त्याचा अर्थ मला तेव्हा लागला, आधी हात सुरू होतात, गाणं मागाहून येतं. मामाने ज्याला अंगठ्याचा ठेका म्हटलं ते आईसाठी जातं होतं. दोघं भावंडं एकच गोष्ट सांगत होती.

आणि मग मी आईला एक गोष्ट सांगितली जी मला माहीत होती पण तिचं महत्त्व कळलं नव्हतं. निकची आई मॉली ड्रेक, तीही गाणी करायची. घरात पियानोवर, कामधाम आवरल्यावर. कुठे कार्यक्रम नाही, रेकॉर्ड नाही, छापणं नाही. १९५० च्या दशकात निकच्या वडिलांनी घरच्या टेप रेकॉर्डरवर तिची गाणी धरून ठेवली, आणि त्यांचा अल्बम बाहेर सगळीकडे मिळायला लागला तो २०१३ मध्ये, मॉली जाऊन वीस वर्षं झाल्यावर. मी त्यातली दोन फोनवर लावली. पडवीत सगळे परत गप्प. पियानो आहे, गिटार नाही, बाईचा आवाज आहे, पण तेच आहे हो. तसंच वाक्य मध्येच सोडून देणं, तसेच ते सूर जे आनंदी म्हणावेत तर नाहीत आणि दुःखी म्हणावेत तर तेही नाहीत.

“मगे?” आई म्हणाली. “झील आवशीर गेलो.”

मुलगा आईवर गेला, एवढंच म्हणाली आणि पुढची पेटी ओढली.

रत्नागिरीकरांसाठी अजून एक गोष्ट सांगायलाच हवी, ती मला कळली तेव्हा मी खरंच उठून उभी राहिले होते. निकचा जन्म रंगूनचा, १९ जून १९४८. त्याचे वडील रॉडनी तिथे १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला इंजिनिअर म्हणून गेले, कंपनी कुठली तर बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन. आता थिबा राजाची गोष्ट आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही माहीत असते. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा, १८८५ ला इंग्रजांनी राज्य घेतलं, १८८६ ला रत्नागिरीत आणून ठेवला, १९१० ला राजवाडा बांधून झाला, १९१६ ला इथेच वारला. पण ते युद्ध कशावरून झालं? सागाच्या लाकडावरून. राजाच्या दरबाराने एका इंग्रजी कंपनीवर आरोप ठेवला की तुम्ही जंगलातून जास्त ओंडके नेता आणि कमी दाखवता, दंड ठोठावला, आणि इंग्रजांना निमित्त मिळालं. ती कंपनी म्हणजेच बॉम्बे बर्मा.

म्हणजे ज्या कंपनीपायी थिबा आमच्या गावात येऊन मेला त्याच कंपनीत पन्नासेक वर्षांनी निकच्या वडिलांनी नोकरी केली, तिथे संसार केला, तिथे हा मुलगा झाला. याच्यातून गाण्याबद्दल काही सिद्ध होतं असं मी म्हणत नाही. पण मी हा अल्बम पहिल्यांदा पूर्ण ऐकला तो थिबा पॉइंटवर, समोर भाट्याची खाडी समुद्राला मिळते तिथे बघत, हे काहीच माहीत नसताना. नंतर कळलं तेव्हा मला तो मुलगा लांबचा वाटेना.

तेव्हाची गोष्ट थोडक्यात सांगते. मी पुण्यातली नोकरी सोडून घरी आले होते, तब्येत बरी नव्हती, शरीराची म्हणजे नाही. दिवसच्या दिवस बोलायला नको वाटायचं. त्या काळात हा अल्बम रोज ऐकला, कधी दोनदा. आणि ज्या ज्या कोणाला सांगितलं की मी निक ड्रेक ऐकतेय त्यांनी सगळ्यांनी एकच सल्ला दिला की अगं असलं नको ऐकूस, आणखी खाली जाशील, त्या माणसाचं काय झालं माहितीय ना.

माहितीय. खोटं कशाला बोलू, तो आजारी होता, डिप्रेशन होतं, पिंक मून केला तेव्हाही होतं. २५ नोव्हेंबर १९७४ ला तो आईवडिलांच्या घरी वारला, वय २६. आणि त्यामुळे लोक हा अल्बम मरणाकडून मागे वाचत येतात. प्रत्येक ओळीत शेवट शोधतात. शेवटची चिठ्ठी म्हणतात याला. माझं सगळ्यात मोठं भांडण याच्याशीच आहे.

वहिनीचं काय झालं बघा. पहिल्या रात्री तिला आवडलेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी दादाने तिला सांगितलं की तो २६ व्या वर्षी गेला, आणि संध्याकाळी मी परत लावला तर म्हणाली, “नको गं, आता ऐकवत नाही, मला सारखं तेच दिसतं.” गाणी तीच, सूर तेच, मधे फक्त एक बातमी आली आणि तिचे कान बंद झाले. तिचा दोष नाही, तिने मनाला लावून घेतलं म्हणूनच तसं झालं. पण मी तिला जे सांगितलं ते इथेही सांगते.

ऑक्टोबर १९७१ ते नोव्हेंबर १९७४ म्हणजे तीन वर्षं झाली. पिंक मूननंतर तो १९७४ मध्ये पुन्हा स्टुडिओत गेला, आणखी गाणी रेकॉर्ड केली. चिठ्ठी लिहून ठेवून माणूस तीन वर्षांनी परत कामाला येत नाही. आणि त्या दोन रात्री तो काय करत होता तर काम करत होता, पक्कं, तयारीचं काम. अकरा गाणी, एवढी अवघड वाजवणी, वेगवेगळी ट्यूनिंगं, दोन रात्रींत. जो माणूस पूर्ण कोसळलाय त्याच्या अंगठ्याचा ठेका असा राहील का? मामाला विचारा. आजारपण त्याच्या आयुष्यात होतं पण त्या रात्री त्याच्या हातात नव्हतं, हात शाबूत होते, आणि आपण ऐकतो ते त्याचे हात. मला त्या वाईट महिन्यांत या अल्बमने खाली ओढलं नाही, उलट कोणीतरी शेजारच्या खोलीत जागं आहे आणि आपलं काम करतंय असं वाटायचं. आता आईच्या शब्दात सांगता येतं, कोणीतरी दळतंय असं वाटायचं.

आणि शेवटचं गाणं कुठलं आहे ते तरी बघा. ‘फ्रॉम द मॉर्निंग’. सकाळ होते, सगळं रंगीत दिसतं, आपण उठतो आणि सगळीकडे असतो असं ते गाणं म्हणतं. त्याच्या आईवडिलांनी त्याच गाण्यातले शब्द त्याच्या समाधीच्या दगडावर कोरले. हे मी वहिनीला सांगितलं तर ती गप्प बसली. ऐकते की नाही माहीत नाही, मी मागे लागणार नाही.

तिला निकचा दुसरा अल्बम मात्र आवडला, साजवाला, ब्रायटर लेटर. म्हणाली यात हवा आहे. असेल. मला त्यात निक जरा मागे उभा राहिल्यासारखा वाटतो, पण हे आवडीचं झालं, भांडायचं कारण नाही. आणि मलाही पिंक मूनमधलं सगळंच सारखं जवळचं नाही, ‘पॅरासाइट’ मी बरेचदा पुढे ढकलते, त्यात तो स्वतःला फार लावून बोलतो आणि मला ते सोसत नाही.

दादाने मधेच एक काम केलं, त्याचा व्हिडिओ शोधत बसला, हात कसे फिरतात ते बघायला. मिळाला नाही, मिळणारही नाही. मोठेपणी गाताना-वाजवताना त्याचं एकही चित्रण नाही, फोटो आहेत तेवढेच. कार्यक्रम त्याने फार थोडे केले, समोर लोक गप्पा मारत असायचे आणि हा दर गाण्याला तारा पुन्हा लावत बसायचा, ते त्याला झेपायचं नाही. म्हणून आता ज्याला त्याचा हात बघायचाय त्याने कानानेच बघायचा. दादा सध्या तेच करतोय, डोंबिवलीहून मला रात्री साडेबाराला रेकॉर्डिंग पाठवतो, अजून अंगठा घाई करतोय त्याचा.

अजून एक मत राहिलं, आणि ते मला सगळ्यात अनपेक्षित होतं. दादाचा शाळेतला मित्र मिरकरवाड्याचा आहे, घरची बोट आहे. तो आंबे न्यायला आला तेव्हा पहिलंच गाणं चालू होतं. विचारलं काय गाणं आहे, म्हटलं गुलाबी चंद्र. म्हणजे एप्रिलच्या पौर्णिमेला तिकडे अमेरिकेत पिंक मून म्हणतात, त्या सुमाराला तिथे गुलाबी रानफुलं येतात त्याच्यावरून. आपल्या चैत्री पौर्णिमेच्या आसपासच पडतो तो. मी अर्थ सांगितला, की तो येतोय आणि सगळ्यांना गाठणार आहे, कोणी कितीही उंच उभा असला तरी. या ओळीवर किती लोकांनी किती लिहिलंय, चंद्र म्हणजे मृत्यू, चंद्र म्हणजे अपशकुन.

तो म्हणाला, “बरोबर आहे की. पौर्णिमेचं उधाण आहे ते.”

त्याच्यासाठी एवढं साधं होतं. पौर्णिमा-अमावस्येला उधाणाची भरती, पाणी नेहमीपेक्षा वर येतं, धक्क्यावर येतं, मोठी बोट छोटी बोट बघत नाही, सगळ्यांना उचलतं. चांगलं की वाईट असा प्रश्नच नाही, तिथी बघायची आणि दोर सैल करून ठेवायचे. मग म्हणाला की पहाटे बंदरात येताना मागे समुद्रात बुडणारा चंद्र कधी कधी खरंच तसल्या रंगाचा असतो, तांबूस, धुरकट, आणि तेव्हा इंजिन बंद केलं तर जो आवाज उरतो तो असा. हे बोलून त्याने दोन डझन आंबे घेतले, पैशावरून दादाशी भांडला आणि गेला.

त्यानंतर मी ते गाणं घाबरून ऐकलेलं नाही.

मेच्या शेवटी, पाऊस तोंडावर आलेला, शेवटचा माल निघाला त्या रात्री आम्ही तिघीच होतो, मी, आई आणि आत्या. मामा कधीच कुडाळला गेला होता, दादा-वहिनी डोंबिवलीला. वीज गेलेली, सोलरच्या दिव्यावर काम. आत्या भिंतीला टेकून झोपली होती. आईने हात पदराला पुसले आणि म्हणाली, “तो दळणारो लाव गो.”

लावला. मधे ‘नो’ (Know) आलं, त्यात शब्द अगदी थोडे आहेत, चारच सुरांची एक फिरकी गिटारवर परत परत आणि तो नुसता हुंकार देतो तिच्यावर. आई त्याच्याबरोबर हूं हूं करत होती, किंचित खालच्या पट्टीत, फळ बसवतानाच्या तालावर. मी ग्रेडिंग थांबवून ऐकायला लागले तर तिचं लक्ष गेलं.

“हात चालव,” म्हणाली.